कारखान्यातून निघाली तशी

१२ फेब्रुवारी, रविवार

पॉलेटने नाताळात ही डायरी दिली तेव्हा म्हणाली होती, "घरात तर तोंड उघडत नाहीस, बाबा, निदान इथे तरी मन मोकळं कर." पोरगी आईवर गेली आहे. डायरी आजपर्यंत फ्रिजवर पडून होती. आज उघडली, कारण एक मोठी गोष्ट ठरवली आणि ती कोणाला विचारून ठरवली नाही.

शेव्हेल विकायची.

लिहून बघितलं. ठीक आहे.

जानेवारीत माझी बायको डेल जिन्यावरून पडली. शेवटच्या दोन-तीन पायऱ्या राहिल्या होत्या म्हणून वाचली. घसरले म्हणाली. कंबर आठवडाभर काळीनिळी होती. आमची झोपायची खोली वर, बाथरूम वर. मी शहात्तरचा, ती चौऱ्याहत्तरची. खाली एक बाथरूम आणि खोली काढल्याशिवाय या घरात आमचं पुढे निभायचं नाही. त्याला पैसा लागेल, आणि माझ्याकडे विकण्याजोगी एकच वस्तू आहे: १९६६ ची शेव्हेल एसएस गाडी, गडद निळी. सैन्यातून सुटून आलो त्या वर्षी घेतलेली. लग्नाआधीची. डेल नेहमी म्हणते की या घरात पहिली ती आली, मी दुसरी.

जेवताना सांगितलं. मला वाटलं उडी मारेल. तिने चमचा खाली ठेवला.

"कशाला?"

"बाथरूमला."

"मी मागितलं का बाथरूम?"

"तू मागणारच नाहीस, डेल. म्हणून तर मी ठरवलं."

तिने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "कॅझ, जरा फिरायला जाऊ या का? शेव्हेलमधून. ऑ ग्रे गावापर्यंत."

"फेब्रुवारीत? डोकं फिरलं का तुझं? रस्त्यावर मीठ आहे."

बावन्न वर्षं मोटारवाल्याच्या घरात काढून हे विचारते. नोव्हेंबरात बर्फ वितळवायला मीठ टाकणारा पहिला ट्रक दिसला की आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबातल्या गाड्या आत जातात. वसंतात दोन दणदणीत पाऊस होऊन रस्ते धुतले जात नाहीत तोवर बाहेर येत नाहीत. एकाच्याने भागत नाही, दोन लागतात. मीठ पत्रा आतून खातं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या शेव्हेलच्या पोटाखाली आरसा धरून बघा, गंजाचा ठिपका सापडणार नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

ईस्टरपूर्वीच्या उपासांच्या आधीचा मंगळवार. आमच्या बे सिटीतल्या प्रत्येक पोलिश घरात आज पोंच्की तळतात. डेलच्या पोंच्की म्हणजे जामाने ठासून भरलेले, टम्म फुगलेले गोळे. शेजारपाजारचे वास घेत येतात. आज फुगल्याच नाहीत. दगड. यीस्ट घालायला विसरली.

मी म्हणालो, "ठेव दोन, गाडीच्या चाकांना टेकू लावायला होतील."

पन्नास वर्षं असल्या थट्टेवर तिचं उत्तर तयार असतं. आज सगळ्या पिशवीत भरून बाहेर टाकून आली आणि मला चर्चमधून डझनभर विकत आणायला सांगितल्या. तू जा ना गाडी घेऊन, म्हटलं तर नको म्हणाली. पडल्यापासून गाडीही चालवत नाही. कंबर दुखत असेल. बाथरूम लवकर व्हायला हवं.

२६ फेब्रुवारी, रविवार

गॅरेजमध्ये हीटर लावून दिवसभर. बॉनेट उघडून नुसता बसलो तरी बरं वाटतं.

आज परत विचारलं तिने. फिरायला जाऊ या का. मी परत मीठ म्हणालो. ती म्हणाली, "ब्यूइक आहे की."

ब्यूइक आमची रोजची गाडी. मी म्हटलं चल, किराणाही आणायचा आहे. गेलो. रेडिओवर हॉकीचा सामना होता, चुरशीचा. येताना ती म्हणाली, "बंद करतोस का जरा?" मी म्हटलं, शेवटची पाच मिनिटं राहिली आहेत. घर आलं. पिशव्या उतरवल्या.

शेव्हेलला रेडिओच नाही. पहिल्या मालकाने पैसे वाचवायला रेडिओशिवाय मागवली होती. आज तीच गोष्ट दुर्मीळ म्हणून लोक जास्त मोजतात. डेलने त्याचा आयुष्यभर फायदा उठवला. तिची जुनी खोड आहे ती. घरात तिच्या चेहऱ्यावर काही बोलायचं आहे असं दिसलं की मी गॅरेजमध्ये सटकतो. ती पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत मला गाठते. तिथून उठून कुठे जाणार? पॉलेट होणार हे मला वाटेतल्या लिनवुड गावाच्या आसपास कळलं. तिचे वडील आपल्याकडे राहायला येणार हे पिनकॉनिंगच्या चीजच्या दुकानासमोर. "कॅझ, तू दारू सोड, नाहीतर मी पोरीला घेऊन जाईन" हे ऑ ग्रेच्या पुलावर. समोर बघत बोलायची, माझ्याकडे नाही. मीही समोर बघत ऐकायचो. सोडली दारू.

एकूण त्या गाडीने मला बराच त्रास दिला आहे म्हणायचं.

५ मार्च, रविवार

नॉर्ब आला होता. माझ्याबरोबर कारखान्यात तीस वर्षं, आता क्लबात गाड्यांना गुण देणारा परीक्षक. गाडीभोवती फिरला, चुंबक काढून दारं-फेंडर तपासले. कुठे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असली तर चुंबक चिकटत नाही. माझ्या गाडीला सगळीकडे चिकटलं. इंजिनावरचा नंबर मूळचा. तो खूश.

मग आत वाकून बघितलं आणि मान हलवायला लागला. "कॅझ, बाहेरून गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे. आत मात्र संसार मांडलाय तुम्ही."

"म्हणजे?"

"हे हँडल कसलं? हा हुक? आर्मरेस्टला हा लाल दोरा कोणी घातला? आणि ही उशी? नुसती गाडी घेणारा याकडे बघणारही नाही, पण संग्राहक याचे पैसे कापेल. चांगल्या घरी जायला हवी ना? मग मूळ रूपात आण."

बरोबर आहे त्याचं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला दिसलंच नव्हतं.

डेलने कॉफी आणली. नॉर्बला म्हणाली, "तेरेसाला का नाही आणलंस?"

नॉर्बच्या बायकोला, तेरेसाला, जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही दोघांनी तिची शवपेटी खांद्यावर घेतली होती. नॉर्ब कपाकडे बघत म्हणाला, "पुढच्या वेळी आणतो, डेल."

तो गेल्यावर मी तिला झापलं. चेष्टेलाही काही मर्यादा असते. ती पांढरीफटक पडली आणि वर निघून गेली. नॉर्बला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "माफी कसली मागतोस? तू घरी असतोस ना, कॅझ?" घरीच असतो की. आणखी कुठे जाणार या थंडीत?

१२ मार्च, रविवार

आजचं काम झकास झालं. सगळं सामान आतून काढलं.

डॅशबोर्डच्या खालच्या कडेचं हँडल. ते मी पॉलेटच्या वेळी बसवलं होतं. डेलला सहावा लागला होता आणि रेल्वेच्या रुळांवरून जाताना ती पोट धरून बसायची. धरायला काहीतरी दे, म्हणाली. कारखान्यातल्या भंगारातला लोखंडी तुकडा घासूनपुसून लावला होता. दोन स्क्रू. भोकं आतल्या बाजूला आहेत, दिसत नाहीत.

तिच्या पर्सचा हुक.

आर्मरेस्ट. शिवण उसवली तेव्हा तिने लाल दोऱ्याने शिवली होती, निळा मिळाला नाही म्हणून. ओहायोतल्या एका माणसाकडे त्याच सालातला मूळ आर्मरेस्ट मिळाला.

उशी. सीट लांब, सलग आहे आणि डेल बुटकी. उशीशिवाय तिला फक्त बॉनेट दिसतं, रस्ता दिसत नाही. उशी काढल्यावर सीटवर तिच्या बाजूला थोडा खोलगट भाग दिसला. वाफ देऊन, आतून कापूस सारखा करून तोही काढला. आता कोणी कधी बसलं होतं असं वाटत नाही.

संध्याकाळी दार उघडं ठेवून दिव्यात बघितली. त्रेपन्न वर्षांपूर्वी पहिल्यांदा बघितली तशी दिसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

१४ मार्च, मंगळवार

डेल गॅरेजमध्ये आली होती. सहसा येत नाही. बाकावरचं हँडल आणि हुक हातात घेऊन उभी होती.

"हे इथे कसं?"

"काढलं. कारखान्यातलं नाही ते."

"मीही कारखान्यातली नाही, कॅझ."

मी म्हणालो, अगं तुझ्या बाथरूमसाठीच करतोय सगळं. ती म्हणाली, "तेच तर." दोन्ही वस्तू परत जिथल्या तिथे ठेवल्या आणि गेली. दाराशी थांबून क्षणभर इकडेतिकडे बघितलं, घरात जायचं दार सोडून अंगणाच्या दाराकडे वळली, मग परत फिरली. रागाच्या भरात माणसाला दार दिसत नाही ते असं.

आर्मरेस्ट मी तिला दाखवला नाही.

२५ मार्च, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक. सॅगिनॉचा तिशीचा पोरगा, हातभर गोंदलेला. म्हणे मोठं इंजिन टाकणार, चाकं रुंद करणार, काळा रंग देणार. "काका, बुलेट दिसेल बुलेट." मी त्याला सांगितलं, गाडी विकली गेली. डेल खिडकीतून बघत होती. आत आल्यावर म्हणाली, "तो पोरगा निदान चालवणार तरी होता."

२ एप्रिल, रविवार

पहिला मोठा पाऊस. पन्हळीतून रात्रभर धो धो.

५ एप्रिल, बुधवार

दुसरा. आज संध्याकाळपर्यंत रस्ते काळेभोर आणि स्वच्छ. नॉर्बचा फोन: बाहेर निघालो. त्याच्या मागे आणखी दोघे गेले, आवाजावरून ओळखलं.

फोन ठेवून वळलो तर डेल कोट घालून दाराशी उभी. लिपस्टिक लावलेली. "दोन्ही पाऊस झाले," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं. पण काय करणार? हॅवरकँप म्हणून ओहायोचा मोठा संग्राहक पंधराला येतोय, नॉर्बनेच गाठ घालून दिली. गाडी खालपासून वरपर्यंत तयार आहे, चाकांच्या कमानी आतून ब्रशने पुसल्यात, सीटवर कापड घातलंय. एक खडा उडाला तर महिन्याची मेहनत पाण्यात. सगळं समजावून सांगितलं.

"दहा मिनिटं, कॅझ."

"दहा मिनिटांत काय होतं? ऐक माझं. ब्यूइकने जाऊ हवं तर."

"नको. सामना असेल." तिने कोट काढून खुंटीला लावला.

९ एप्रिल, ईस्टर

पॉलेट आली होती ग्रँड रॅपिड्सहून. डेलने सॉसेज, अंडी, मुळ्याचं लोणचं सगळं मांडलं. यंदा पॉलेटने तिच्या शेजारी उभं राहून केलं, एकेक हातात देत. मायलेकी बरं जमवून घेतायत, बघून बरं वाटलं.

निघताना पॉलेटने मला गाडीपाशी गाठलं. "बाबा, आईकडे लक्ष आहे ना तुझं?"

"तिच्यासाठी पोटची पोर विकायला काढली आहे मी. आणखी किती लक्ष द्यायचं?"

"मला वाटलं होतं, पोटची पोर मी आहे."

"तू विकली जात नाहीस, म्हणून."

हसली, पण डोळे पुसले. "ती तुझ्याशी काही बोलली का?"

"कशाबद्दल?"

"विचार तिला. मी सांगणार नाही, तिने शपथ घातली आहे. पण विचार, बाबा."

विचारलं रात्री. भांडी पुसता पुसता. डेल म्हणाली, "असं नाही सांगता येत." मग मी म्हटलं राहू दे, आणि गॅरेजमध्ये दिवा चालू राहिला होता तो बंद करायला गेलो. तिकडेच थोडा वेळ लागला.

१५ एप्रिल, शनिवार

झालं.

हॅवरकँप सभ्य माणूस. पांढरे सुती हातमोजे घालून आला. गुडघ्यावर बसला, खाली आरसा सरकवला, नंबर टिपले, दारं उघडमीट करून आवाज ऐकला. आत डोकं घालून बराच वेळ होता. बाहेर येऊन म्हणाला, "मिस्टर व्होइटासिक, मी शेकड्यांनी गाड्या बघतो. हिच्यात माणूस राहिलेला दिसतच नाही. अशी मिळत नाही हो."

माझी छाती फुगली. वळून डेलला काहीतरी म्हणणार होतो, तर ती मागच्या पायरीवरून आत गेलेली.

मी सांगितलेल्या किमतीला त्याने घासाघीस केली नाही. कुठे ठेवणार विचारलं. म्हणाला, गरम-थंड नियंत्रित हॉल आहे, अशाच बत्तीस गाड्या आहेत, वर्षातून एकदा इंजिन सुरू करतो. चालवत नाही? "छे, चालवायची कशाला? आज किती मैल झाले ते करारात लिहून घेतोय. तेवढेच राहतील कायमचे."

हस्तांदोलन केलं. पुढच्या शनिवारी बंद ट्रेलर घेऊन माणसं येतील.

माझ्यासारख्या माणसाला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. हे दोनदा लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं कदाचित.

१६ एप्रिल, रविवार

डेल सकाळी चर्चहून आल्यावर माझ्यासमोर बसली. "आठवडाभर गाडी इथे आहे. एकदा घेऊन चल. शेवटचं."

"मैल लिहून दिलेत, डेल. सहीने. आता ती माझी नाही. दुसऱ्याच्या गाडीत तुला कसं फिरवू?"

ती हसली. चांगली मोठ्याने हसली. "सगळ्या जगात," ती म्हणाली, "तुझ्याइतका प्रामाणिक गाढव दुसरा नसेल." आणि हसता हसता रडायला लागली. मी पाणी आणून दिलं. खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं गाडीसाठीच रडते. म्हणालो, मलाही जड जातंय.

२२ एप्रिल, शनिवार

नेली. ट्रेलरची मागची झडप लावली तेव्हा आतून निळा रंग जरासा दिसला, मग तेही नाही. नॉर्ब होता. दोघे रस्त्यात उभे राहिलो. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी रस्त्यात, भर दिवसा, पोरासारखा रडलो.

३० एप्रिल, रविवार

काही नाही.

७ मे, रविवार

कामगारांनी खालची भिंत फोडली. घरभर धूळ. डेल विचारते, हे काय चाललंय. मी म्हणतो तुझं बाथरूम. दोन तासांनी परत विचारते. आवाजाने तिचं डोकं ठिकाणावर राहत नसेल असं म्हणालो, तेव्हा तिने माझ्याकडे फार वेळ बघितलं.

गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. जमिनीवर तेलाचा एकही डाग नाही, इतकी चांगली ठेवली होती. करण्यासारखं काही नव्हतं. परत घरात आलो. घरातही करण्यासारखं काही नव्हतं. ती एका खोलीत, मी एका खोलीत, मध्ये टीव्ही.

१४ मे, रविवार, मातृदिन

पॉलेटने फुलं पाठवली. डेलने विचारलं, कोण गेलं?

मी म्हणालो, कोणी नाही गेलं, मातृदिन आहे. ती म्हणाली, "हो, हो. माहीत आहे मला." आणि फुलं घेऊन उभी राहिली, कुठे ठेवायची ते न कळल्यासारखी. मी फुलदाणी काढून दिली.

दुपारी रिकाम्या गॅरेजमध्ये घडीची खुर्ची टाकून बसलो होतो आणि एक साधी गोष्ट डोक्यात आली. डेलला गाडीत फिरायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. वळणांवर तिला मळमळतं, पेट्रोलच्या वासाने डोकं दुखतं. पन्नास वर्षांत तिने आपणहून "फिरायला जाऊ या" म्हटलं ते फार थोड्या वेळा, आणि का म्हटलं ते मी या डायरीत स्वतःच्या हाताने लिहून बसलोय. लिनवुड, पिनकॉनिंग, ऑ ग्रे.

फेब्रुवारीपासून ती म्हणते आहे. मी तिला मीठ सांगितलं, खडे सांगितले, मैल सांगितले.

पोंच्की. तेरेसा. अंगणाचं दार. नॉर्बने विचारलं होतं, घरी असतोस ना? पॉलेटला माहीत आहे. बहुतेक सगळ्यांना माहीत आहे.

मला आत जाऊन विचारायला हवं होतं. गेलो नाही. भीती वाटली. तिने सांगितलं की ते खरं होईल. अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो, एका रिकाम्या जागेची राखण करत.

१८ मे, गुरुवार

ब्यूइक धुतली. काचा आतून पुसल्या. पुढच्या सीटवरचा कचरा, कूपनं, माझी टोपी सगळं काढलं. उद्या विचारेन.

१९ मे, शुक्रवार

विचारलं नाही.

२१ मे, रविवार

जेवण झाल्यावर म्हणालो, "डेल, कोट घाल."

"कशात जायचं?"

"ब्यूइकमध्ये."

"आज सामना आहे ना तुझा?"

"असू दे."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि कोट आणायला गेली. कोट हातात घेऊन परत येईपर्यंत फार वेळ लागला. मी हाक मारली नाही.

रेडिओ लावला नाही. शहराबाहेर पडलो. उजवीकडे अधूनमधून उपसागराचं पाणी, डावीकडे नुकतीच नांगरलेली बिटाची शेतं. लिनवुड गेलं. मी पन्नासवर काटा धरून ठेवला होता.

पिनकॉनिंगच्या अलीकडे ती समोर बघत म्हणाली, "जानेवारीत मी घसरले नव्हते, कॅझ."

"हं."

"जिना उतरत होते आणि हे घर कुणाचं तेच कळेना. मला वाटलं मी बाबांच्या घरी आहे. तिथला जिना छोटा होता. मी संपला समजून पाय टाकला."

मी गाडीचा वेग थोडा कमी केला.

"मग चर्चहून येताना एकदा रस्ता चुकले. रोजचा रस्ता. दुकानाच्या आवारात गाडी उभी करून बसून राहिले. एका बाईने विचारलं, काकू, कुणाला बोलवू का? मला तुझं नाव आठवत होतं, फोन नंबर आठवेना. तेव्हापासून चालवत नाही." पुढे म्हणाली, "पॉलेटने ईस्टरला ओळखलं. म्हणाली, डॉक्टरकडे नेते. मी म्हटलं, आधी तुझ्या बापाला सांगू दे. त्याच्याबरोबर जाईन."

मी बाजूला गाडी घेतली. एका शेताच्या फाटकासमोर. दोन्ही हात चाकावर तसेच होते. गाडी थांबली होती, दार हाताशी होतं, उतरून चार पावलं टाकली असती तर तिला काही वाटलं नसतं, तिने सवय करून घेतली आहे. मी बसून राहिलो.

"तीन महिने," मी म्हणालो. "तीन महिने तू मला..."

"हो."

"आणि मी तिकडे बोल्ट घासत होतो."

"चांगले घासलेस. तो हातमोजेवाला किती खूश झाला."

"डेल, मला माफ कर."

"ते नंतर. आधी ऐक. मला भीती वाटते. मला घर कळेनासं झालं तर? तू समोर असून मला कळलं नाही तर?"

मी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. गाडीत आम्ही असं करत नाही. ती समोरच बघत होती. गालावर पावडर नीट लागली नव्हती, एका बाजूला जास्त होती.

"घर कुठलं ते मी सांगत जाईन," मी म्हणालो.

"आणि मी परत विचारलं तर?"

"तर परत सांगेन."

"तू? एक गोष्ट दोनदा सांगावी लागली की तुझा पारा चढतो."

"चढू दे. सांगेन तरी."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मोठा ट्रॅक्टर, त्याला फाटकातून आत जायचं होतं. मी गडबडीने गाडी सुरू केली.

"उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करतो," मी म्हणालो. "आता कुठे घेऊ? वळू घराकडे?"

"नको," डेल म्हणाली. "सरळ घे. माझं अजून सांगून झालं नाही."